जपलेल्या गाडीचे मोल

इंदूरमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शल्यविशारदांनी २०२४ च्या हिवाळ्यात आपली मोटार विकायला काढली. मोटार चारचौघांसारखी नव्हती. जर्मन बनावटीची, दोनच आसनांची, आणि बटण दाबताच धातूचा टप दुमडून मागच्या डिकीत जाऊन बसणारी. जाणकार तिला कन्व्हर्टिबल म्हणतात. आमच्या गल्लीतली मुले तिला ‘उघडी गाडी’ म्हणत. २०१३ साली घेतलेली, अकरा वर्षांत जेमतेम अडतीस हजार किलोमीटर चाललेली आणि रोज रात्री कापडी खोळ घालून छपराखाली उभी केलेली. विकण्याचे कारण गाडीत नव्हते. अशा गाडीची बैठक जमिनीलगत असते आणि डॉक्टरांच्या गुडघ्यांनी आता तिथून उठण्यास साफ नकार दिला होता. ‘गाडी म्हातारी झालेली नाही, मी झालो,’ असे ते म्हणत.

प्रथम त्यांनी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला बोलावले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मीटरवरचा आकडा पाहिला, मोबाइलवर काही शोधले आणि रु. ९ लाख २५ हजार एवढा भाव सांगितला. डॉक्टरांनी त्याच्यापुढे एक जाडजूड फाइल ठेवली. तिच्यात पहिल्या दिवसापासूनचे प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल, प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, प्रत्येक टायरची पावती तारीखवार लावलेली होती. व्यापाऱ्याने ती उघडलीही नाही. भाव मॉडेल आणि साल बघून ठरतो, कागद बघून नाही, असे तो हसत म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. खरे तर बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्यात वावगे वाटू नये. आम्हीही मोटारीचे मूल्य बहुधा असेच ठरवत आलो. मोटार विम्याचे कोष्टकही याच विचाराचे आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि मग दर वर्षाला आणखी दहा करीत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. त्यापुढे विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसांत ठरवायचे. कोष्टकाला मालकाचा स्वभाव दिसत नाही. गाडी जिवापाड जपणारा आणि ती खड्ड्यांतून बेदरकार पिटाळणारा, दोघेही एकाच रकान्यात बसतात. सरासरीचा हा भाव जपणाऱ्या मालकावर अन्याय करतो, असे माझे मत आहे. ऑनलाइन लिलाव हा त्यावरचा एक उपाय होऊ शकतो, हेही मी डोळ्यांनी पाहिले. मात्र त्याला एक अट आहे. वस्तूचे दोष घेणाऱ्याने शोधण्याआधी ते विकणाऱ्याने स्वतः सांगितले पाहिजेत.

सरासरीच्या या अन्यायाची मीमांसा जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधात केली आहे. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला बोलीभाषेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात, आणि निबंधाच्या नावातच या लिंबांचा बाजार आहे. युक्तिवाद कोणालाही समजेल असा आहे. विकणाऱ्याला गाडीची नस न् नस माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी गाडीचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला राजी होत नाही. तो गाडी घरी घेऊन जातो. मग बाजारात उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खालावते, भाव आणखी उतरतो, त्यामुळे आणखी काही बरे मालक निघून जातात. अखेरीस बाजारात लिंबेच शिल्लक राहतात.

या निबंधाचा आपल्या देशाशी थोडा ऋणानुबंध आहे. १९६७-६८ हे वर्ष अकरलॉफ यांनी दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत काढले, आणि निबंध नाकारल्याचे पहिले पत्र त्यांना भारतातच मिळाले. पुढे आणखी दोन नियतकालिकांनी तो नाकारला. २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले, तेव्हा त्यामागे प्रामुख्याने हाच निबंध होता. मोटारींच्या जोडीने त्यात भारतातील सावकारीचाही विचार आहे. शहरातील बँकेचा व्याजदर आणि खेड्यातील सावकाराचा दर यांत एवढी तफावत असताना बाहेरचा कोणी मध्ये पडून स्वस्तात कर्ज का देत नाही? कारण सावकाराला गावातला प्रत्येक ऋणको ओळखीचा असतो. बाहेरचा माणूस सर्वांना एकच दर लावू लागला, तर बुडवे तेवढे त्याच्या दाराशी गर्दी करतील. २००० साली आपल्याकडे सिबिलची स्थापना झाली ती याच पेचातून वाट काढण्यासाठी. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला आपला इतिहास दाखवता यावा आणि सरासरीतून बाहेर पडता यावे, हा तिचा एक मोठा उपयोग. डॉक्टरांची ती फाइल म्हणजे त्या मोटारीचे सिबिलच होते. फक्त ते वाचायला कोणी तयार नव्हते.

आता ऑनलाइन लिलावाकडे वळतो. यात दोन जाती आहेत आणि जाहिरातींतून हा भेद सहसा कळत नाही. आपल्याकडे सामान्य मालकाला ज्या ऑनलाइन लिलावाची ओळख असते, त्यात बोली लावणारे बहुधा व्यापारीच असतात. तपासनीस घरी येतो, छायाचित्रे आणि तपासणीचा तक्ता चढवतो, गावोगावचे व्यापारी थोडा वेळ बोली लावतात आणि सर्वांत वरचा आकडा मालकाला कळवला जातो. रोजच्या वापराच्या छोट्या गाडीसाठी ही व्यवस्था चांगली आहे, कारण ती विकत घेणारे गिऱ्हाईक व्यापाऱ्याच्या दाराशी उभे असते. पण टप उघडणारी दोन आसनांची गाडी शोधणारे लोक एका शहरात असे किती असणार? व्यापाऱ्याला ती महिनोन् महिने आवारात उभी ठेवावी लागेल, भांडवल अडकून पडेल. ही धास्ती वजा करूनच तो बोली लावतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही मला वाटत नाही. डॉक्टरांनी हाही प्रयोग करून पाहिला. आकडा आला रु. ९ लाख ६० हजार.

दुसऱ्या जातीच्या लिलावात बोली लावणारा स्वतःच ती गाडी चालवणार असतो. अमेरिकेत ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या संकेतस्थळाने २०१४ साली असे लिलाव सुरू केले. तेथे गाडी साधारण आठवडाभर मांडलेली असते. जाणकार मंडळी जाहीरपणे प्रश्न विचारतात आणि विक्रेत्याने सर्वांसमक्ष उत्तरे द्यायची असतात. आपल्याकडे ‘ईबे’ने २००४ साली ‘बाझी’ हे भारतीय लिलावस्थळ सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतले होते, परंतु २०१८ मध्ये त्या कंपनीचे भारतातील संकेतस्थळ बंद झाले. आज हौशी मोटारधारकांसाठी चालणारी काही छोटी स्थळे आहेत. डॉक्टरांच्या पुतण्याने त्यांतले एक शोधून काढले आणि काकांची गाडी मोठ्या उत्साहाने तेथे मांडली.

पुतण्याची जाहिरात मी पुढे वाचली. ‘शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी’, ‘एकही ओरखडा नाही’, ‘पाहताक्षणी घ्याल’. सोबत सहा छायाचित्रे होती, सगळी समोरून आणि सगळी सूर्यास्ताच्या वेळची. राखीव किंमत ठेवली होती रु. १२ लाख. सात दिवसांत बोली रु. १० लाख १० हजारांवर येऊन थांबली आणि लिलाव निष्फळ ठरला. पुतण्या म्हणाला, आपल्या लोकांना चांगल्या वस्तूची कदर नाही. माझे मत निराळे होते. आपल्या लोकांनी ‘शोरूमसारखी’ हा शब्द इतक्यांदा ऐकला आहे की तो ऐकू आला की ते खिसा घट्ट धरतात.

त्यानंतर दोन संध्याकाळी डॉक्टर आणि मी ओसरीवर बसून ती फाइल पानोपान वाचली. २०१७ साली एका स्कूटरने धडक दिल्यामुळे मागचा बंपर रंगवला होता. २०१९ साली टपाच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधून तेल झिरपू लागले म्हणून तो बदलला होता. कोविडच्या टाळेबंदीत गाडी महिनोन् महिने उभी राहिल्याने बॅटरी गेली आणि २०२१ मध्ये नवी घातली. चालकाच्या आसनाच्या कातड्याला कडेला भेग होती. डाव्या दारावर हरभऱ्याएवढा पोचा होता. आणि दुसरी किल्ली २०१६ पासून सापडत नव्हती. ही शेवटची गोष्ट वहिनींनी आतून येऊन सांगितली. डॉक्टर ती विसरले होते, किंवा विसरल्याचे दाखवत होते.

‘अहो, हे सगळे लिहिले तर गाडी घेणार कोण?’ डॉक्टरांनी विचारले. मी म्हणालो, ‘जे आपण लिहीत नाही, त्याचे पैसे तो आधीच कापून घेतो आहे. आणि त्याला खरे माहीत नसल्यामुळे हवे त्याहून जास्त कापतो आहे.’

हे विधान टप उघडणाऱ्या गाडीच्या बाबतीत विशेष खरे आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. धातूचा दुमडता टप १९९६ साली मर्सिडीज-बेंझच्या एसएलके या गाडीपासून खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाला. दिसायला तो जादूसारखा असला तरी आत एक पंप, अनेक सिलिंडर, बारीक नळ्या आणि जागोजागी छोटे स्विच असतात. टपाचा एखादा भाग आपल्या जागी बसल्याचे एका स्विचने जरी कळवले नाही, तरी सारे यंत्र अर्ध्यावर थांबते आणि गाडी तोंड उघडून रस्त्यात उभी राहते. कडेच्या रबरी पट्ट्या आपल्याकडच्या मे महिन्यात सुकतात. पावसाचे पाणी वाहून नेणारी छिद्रे कडुनिंबाच्या पाल्याने बुजतात, मग पाणी डिकीत उतरते. सुटे भाग परदेशातून यावे लागतात. घेणाऱ्याला हे सर्व ऐकून ठाऊक असते, आणि पुढ्यातल्या गाडीचा टप ठीक आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. तेव्हा तो सगळ्यांत वाईट शक्यता गृहीत धरतो. टप पूर्ण उघडून पूर्ण मिटेपर्यंतचे, मध्ये कुठेही न तोडलेले एक चित्रण ही भीती दूर करू शकते. तेवढ्या चित्रणाला किती मोल आहे, हे पुतण्याच्या लक्षात आले नव्हते.

दुसरी जाहिरात लिहायला आम्हाला पंधरा दिवस लागले. तिच्यात सत्तरएक छायाचित्रे होती. ओळखीच्या गॅरेजात गाडी उचलून धरली आणि खालून छायाचित्रे घेतली. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. ती चारही टायरवरची जवळून टिपली. मिस्त्रीने रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र आणले आणि प्रत्येक पत्र्यावर लावून आकडे वाचले. रंगवलेला बंपर कोणता, हे आम्ही वेगळे लिहिले. पहाटे थंडीत इंजिन सुरू होतानाचा आवाज ध्वनिमुद्रित केला. टपाचे चित्रण केले. मिटलेल्या टपावर दहा मिनिटे नळीने पाणी सोडून नंतर डिकीतली सतरंजी कोरडी असल्याचे दाखवले. दारावरच्या पोच्याशेजारी वहिनींनी एक रुपयाचे नाणे धरले, म्हणजे त्याचा आकार घेणाऱ्याला कळावा. फाइलमधल्या प्रत्येक बिलाची प्रत जोडली. हरवलेल्या किल्लीला जाहिरातीत स्वतंत्र ओळ मिळाली. विशेषणे आम्ही सगळी काढून टाकली.

या खटाटोपाला शास्त्राचा आधार आहे, हे मी नंतर वाचले. पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२ सालच्या एका निबंधात दाखवले की विक्रेत्याने आपल्याजवळची माहिती नेहमी, बरी असो वा वाईट, उघड करण्याचे धोरण ठेवले तर सरासरीने त्याचे उत्पन्न वाढते. लिलाव जिंकणाऱ्याला एक धास्ती असते: ‘सगळे मागे हटले आणि मीच पुढे गेलो, म्हणजे मला दिसले नाही असे काही तरी त्यांना दिसले असेल.’ या धास्तीपोटी शहाणा माणूस हात आखडून बोली लावतो, आणि माहिती वाढली की धास्ती कमी होते. मिलग्रोम यांना रॉबर्ट विल्सन यांच्यासह २०२० साली लिलावशास्त्रातील कार्यासाठी नोबेल मिळाले. प्रत्यक्ष मोटारींबद्दलही अभ्यास आहे. ग्रेगरी लुईस यांनी २०११ साली ईबेवरील जुन्या मोटारींचे लिलाव तपासून असे मांडले की छायाचित्रे आणि लेखी तपशील जिथे अधिक, तिथे किंमतही चढी मिळते. जाहीरपणे लिहिलेला तपशील एखाद्या कराराचे काम करतो, कारण तो खोटा निघाल्यास विक्रेता अडचणीत येतो. ईबेची कथाच पाहा ना. १९९५ साली संस्थापक पिअर ओमिद्यार यांनी पहिली वस्तू विकली ती एक मोडका लेझर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंटला तो गेला. मोडका आहे हे तुम्हाला कळले आहे ना, असे त्यांनी घेणाऱ्याला विचारले, तर तो मोडके लेझर पॉइंटरच जमवणारा निघाला.

आमच्या दुसऱ्या लिलावाच्या आठवड्यात तीसेक प्रश्न आले. काही चोख होते, काही उगीच खोचक. डॉक्टरांनी रुग्णाला समजावून सांगावे तशी प्रत्येकाला उत्तरे दिली. शेवटच्या दिवशी दोघेच उरले, एक कोचीचा आणि एक भोपाळचा. घड्याळ संपता संपता बोली टाकून दुसऱ्याला प्रत्युत्तराची संधी न देण्याची एक युक्ती असते. त्यावर उपाय म्हणून या स्थळावर शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढे. आपल्या बँकेच्या ई-लिलावांत काम केलेल्या सहकाऱ्यांना ही मुदतवाढ परिचयाची आहे. बोली चढत गेली आणि रु. १४ लाख ३५ हजारांवर कोचीच्या गृहस्थांचे नाव स्थिर झाले.

येथे एक बारकावा सांगतो. तेथे प्रत्येक जण आपली कमाल मर्यादा यंत्रणेला गुप्तपणे सांगून ठेवत असे, आणि यंत्रणा दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेपेक्षा एकच पायरी वर बोली थांबवत असे. म्हणजे भाव ठरतो तो दुसऱ्याच्या बोलीने. विल्यम विक्री यांनी या तत्त्वाचे गणित १९६१ सालीच मांडले होते. १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर तीनच दिवसांत ते वारले. कोचीच्या गृहस्थांची मर्यादा वीस लाख होती की पंधरा, हे आम्हाला कधीच कळले नाही आणि त्याने आमचे काही अडलेही नाही. आम्हाला भाव मिळवून दिला तो भोपाळकरांनी. विक्रेत्याला एक वेडा ग्राहक पुरत नाही, दोन लागतात. म्हणून राखीव किंमत उगीच उंच ठेवून पहिल्याच दिवशी लोकांना पळवून लावणे मला मान्य नाही. ज्या आकड्याखाली गाडी घरीच ठेवणे तुम्ही खरोखर पसंत कराल, तेवढीच राखीव किंमत ठेवावी.

दोन दिवसांनी कोचीच्या गृहस्थांनी माघार घेतली. परराज्यातील गाडी केरळात नेऊन तिची नव्याने नोंदणी करायची तर तिथला रस्ता-कर भरावा लागतो, आणि त्याचा हिशेब त्यांनी बोली लावल्यानंतर केला होता. त्यांची अनामत जप्त झाली. पुतण्या संतापला, पण डॉक्टर शांत होते. भोपाळकर आपल्या रु. १४ लाख २५ हजारांवर कायम होते. गेले ते फक्त दहा हजार. शिवाय ते त्याच राज्यातले, त्यामुळे परराज्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र आणि दुबार कर यांचा प्रश्न उरला नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, पण हलक्यात घेऊ नये. डॉक्टरांनी गाडीचे कर्ज २०१८ सालीच फेडले होते. बँकेचे पत्र त्यांनी कपाटात ठेवून दिले आणि नोंदणी पुस्तकावरील बँकेचा बोजा तसाच राहिला. लिलावात एकाने तो दाखवून दिला तेव्हा आम्हा दोघांनाही ओशाळवाणे वाटले, मला जरा जास्त. नव्याने पत्र घेऊन, नमुना ३५ भरून तो काढायला तीन आठवडे गेले. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वैयक्तिक कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत कागदपत्रे परत करणे आणि बोजा उतरवणे बँकांवर बंधनकारक आहे, अन्यथा दर दिवसाला रु. ५,००० भरपाई. तरीही ग्राहकांनी नोंदणी पुस्तक स्वतः उघडून पाहावेच. विक्रीनंतर नमुना २९ आणि ३० परिवहन कार्यालयात वेळेत पोहोचले पाहिजेत. घेणाऱ्याने ‘मी करून घेतो’ म्हटले म्हणून निश्चिंत राहू नये. फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक. दावा न केल्याबद्दलची विम्यातील सवलत गाडीबरोबर जात नाही, ती मालकाची असते. विमा कंपनीकडून तसे पत्र मागून घ्यावे. पैशांबाबत बोलायचे तर दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे, आणि त्याची गरजही नाही. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस दिवसरात्र चालते. भोपाळकरांनी रविवारी दुपारी ओसरीवर बसूनच रक्कम पाठवली, ती खात्यात दिसल्यावर डॉक्टरांनी किल्ली दिली. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि पहिली मागणी केली ती फाइलची.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण वसुली विभागात असताना घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

प्रवासी वाहतुकीचा छोटा व्यवसाय करणाऱ्या एका कर्जदाराची मोटार थकबाकीपोटी ताब्यात घेऊन लिलावाला काढायची होती. नोटीस मी तयार केली. ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर, असे नेहमीचे वाक्य घातले. आवारातील पहारेकऱ्याने मोबाइलवर काढलेली तीन छायाचित्रे जोडली. एकात गाडीपेक्षा भिंत जास्त होती. कर्जदार शाखेत आला होता. त्याने गाडी फार चांगली ठेवली होती. सर्व्हिसिंगची बिले हातात धरून तो म्हणाला, ‘साहेब, एवढी जोडा, म्हणजे दोन पैसे जास्त येतील.’ हे नियमात बसत नाही, असे मी त्याला सांगितले. कोणत्याही नियमात तशी मनाई नव्हती. मला काम वाढवायचे नव्हते, इतकेच. लिलावात एकच बोली आली, राखीव किमतीच्या किंचित वर. कर्ज पुरते फिटले नाही आणि उरलेली रक्कम तो पुढे हप्त्याहप्त्याने भरत राहिला.

तारण विकून रक्कम कमी पडली तर ती कर्जदाराकडूनच वसूल केली जाते, जास्त आली तर ती त्याचीच असते. म्हणजे आपण निष्काळजीपणे लिहिलेल्या जाहिरातीची किंमत बँकेच्या आधी कर्जदार मोजतो. ‘जसे आहे’ हे शब्द विक्रीनंतरच्या तक्रारींपासून बँकेचे रक्षण करण्यासाठी आहेत. गाडी कशी आहे हे न सांगण्याची मुभा ते देत नाहीत. मागील काही वर्षांत सरकारी बँकांचे लिलाव एकत्रित संकेतस्थळांवर गेले आहेत. ऑनलाइन नोटिशीला चांगली छायाचित्रे जोडायला वर्तमानपत्रातील जाहिरातीसारखा चौरस सेंटिमीटरचा दर पडत नाही. तरी आवारात धूळ खात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू होते का, एवढेदेखील नोटिशीत क्वचितच आढळते. ताब्यात घेतलेल्या गाडीची बॅटरी चार्ज करून इंजिन सुरू करून दाखवावे, ते दोन मिनिटे चित्रित करावे, टायरवरच्या तारखा लिहाव्यात, कर्जदाराकडे बिले असतील तर ती मागून घेऊन जोडावीत आणि इच्छुकांना आपला मिस्त्री आणून गाडी पाहू द्यावी. शाखेतील एका कर्मचाऱ्याचे हे फार तर अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यासाठी कोणत्याही नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.